अडालिमुमॅब सुरू झाल्यावर कोरडा खोकला आणि धाप: पुढचं इंजेक्शन द्यावं का?

आईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट जुनंच आहे, दोन महिन्यांपूर्वी अडालिमुमॅब सुरू झालं, आता कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप, फॅमिली डॉक्टर मात्र अ‍ॅलर्जी म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मीही अशाच बायोलॉजिक (जैविक) औषधावर आहे, म्हणून स्पष्ट सांगते: र्‍हुमॅटॉलॉजिस्टशी (संधिवाताच्या डॉक्टरांशी) बोलल्याशिवाय पुढचं इंजेक्शन देऊ नका. एखादा डोस लांबला तर सांधे कुरकुरतील, पण निभावतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. शरीर जुन्या टीबीच्या जंतूंभोवती पेशींचं कडं करून त्यांना कोंडून ठेवतं आणि ते कडं टिकतं टीएनएफ या शरीरातल्याच दाहकारक प्रथिनामुळे. अडालिमुमॅब नेमकं तेच अडवतं. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफच अडवणाऱ्या औषधानंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. बहुतेकांना तो पहिल्या काही डोसांतच झाला होता आणि निम्म्याहून अधिक जणांत फुफ्फुसाबाहेरही पसरला होता. म्हणून ताप, वजन घटणं, मानेला गाठ हेही बघा. सुरुवातीची टीबीची चाचणी (त्वचेवरची मँटू किंवा रक्ताची आयजीआरए) निगेटिव्ह होती एवढ्यावर निर्धास्त राहू नका. मेथोट्रेक्सेट-स्टेरॉइडवर असलेल्यांत ती कधी खोटी निगेटिव्ह येते.

या इंजेक्शनमुळे होणारा आयएलडी, म्हणजे फुफ्फुसाच्या जाळीलाच सूज येणं, खरा आहे पण दुर्मीळ. तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत दिसतो. वय जास्त असेल किंवा फुफ्फुसं आधीच थोडी खराब असतील तर धोका वाढतो. पंचाईत अशी की संधिवातही हेच करतो आणि मेथोट्रेक्सेटही. त्यात घराच्या खिडकीत कबुतरं असतील तर आणखी एक संशयित! गंमत नाही, भारतातल्या आयएलडी रुग्णांच्या एका मोठ्या नोंदणीत जवळजवळ निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातून गेलेल्या धुळीच्या अतिसंवेदनशीलतेने फुफ्फुसाला येणारी सूज) होता, आणि कबुतरांची विष्ठा हे त्याचं एक ओळखीचं कारण.

त्यामुळे छातीच्या डॉक्टरांकडे जा, कफ सिरपवर आठवडे घालवू नका. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो, एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारीक तपशिलाचा सीटी स्कॅन) लागेल. थुंकी पडत नसेल तर ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालून) नमुना घेतात. ते आवश्यक आहे, कारण औषधाचा आयएलडी ठरवण्याआधी टीबी आणि इतर जंतुसंसर्ग नाहीत याची खात्री करावी लागते. उपचार उलटे आहेत: आयएलडीला अनेकदा स्टेरॉइड वाढवतात, आणि आत टीबी असून तेच केलं तर तो भडकतो.

कोविडमधला ऑक्सिमीटर घरात असेल तर बसून आणि थोडं चालून, दोन्ही आकडे लिहा. चालल्यावर तीन-चारने उतरत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी धाप लागली तर थेट इमर्जन्सी.

इंजेक्शनमुळेच झालं असं ठरलं तर ते थांबवतात. मग संधिवाताचं काय, ही भीती साहजिक आहे. अशा वेळी डॉक्टर बर्‍याचदा रिटुक्सिमॅब किंवा अबाटासेप्ट या वेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्या औषधांचा विचार करतात. इंजेक्शन सुरू होण्याआधीचा छातीचा एक्स-रे शोधून सोबत न्या, नवा-जुना शेजारी ठेवून बघता येईल.