हायब्रिड एसयूव्ही कुटुंबासाठी घ्यावी का? वापरणाऱ्यांचा अनुभव कसा आहे?

आमच्या घरी अशी गाडी, म्हणजे इंजिन आणि बॅटरीवरची विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी, रोजच्या वापरात आहे, त्यावरून सांगतो. ज्यांचे बहुतेक फिरणे शहरातील गर्दीतून होते, त्यांनी ती अवश्य घ्यावी; कारण ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी बरीचशी ऊर्जा बॅटरीत साठते आणि सिग्नल सुटल्यावर गाडी अनेकदा इंजिन सुरू न होताच इतकी अलगद पुढे सरकते, की मागे झोपलेले मूल जागेही होत नाही. महामार्गावर एकसारख्या वेगात मात्र हा फायदा बराच कमी होतो. अनेक मॉडेलांत बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी मागच्या आसनाजवळ असते. तिच्यावर पिशव्या किंवा चादर येऊ देऊ नये आणि तिच्यातली धूळ वेळोवेळी काढावी, हे मी आवर्जून सांगेन. गाडी कित्येक आठवडे उभी राहिल्यास 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरू शकते.