अँथॉलॉजी फिल्मला ‘संकलनपट’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : येरेवान शहरातल्या रोजच्या जगण्यावरच्या सुट्या सुट्या गोष्टींचा एक आर्मेनियन चित्रपट आहे, त्याचा परिचय मराठीत लिहायचा आहे. ‘अँथॉलॉजी फिल्म’ला ‘संकलनपट’ चालेल का? आणि त्यात सारखा कानावर पडणारा ‘बाक’ म्हणजे अंगणच ना?

‘संकलनपट’ नको. सिनेमाच्या मराठीत संकलन म्हणजे एडिटिंग, हे आता पक्कं रुळलं आहे. वाचक संकलकाचं नाव शोधत बसेल.

गंमत म्हणजे आर्मेनियनमध्येही इथे दोन शब्द आहेत. निवडक साहित्याच्या संग्रहाला ‘त्साघ्काकाघ’ म्हणतात. त्साघिक म्हणजे फूल, म्हणून हा शब्दशः फुलं वेचणं. ग्रीक ‘अँथॉलॉजी’च्या पोटातही तेच. आपल्याकडे परशुरामतात्या गोडबोल्यांनी १८५४ साली ‘नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे’ काढलं, तेव्हा नेमका हाच धातू वापरला. पण वेचायचं तर आधी फुललेलं हवं. अशा चित्रपटातल्या गोष्टी बहुतेकदा त्याच्यासाठीच नव्याने चित्रित होतात, त्यामुळे ‘वेचे’ही जमत नाही.

सिनेमासाठी तिकडे चालतो तो ‘किनोअल्मानाख’, सोव्हिएत काळातल्या रशियनमधून आलेला. आपल्याला अल्मनाक म्हटलं की पंचांग आठवतं. रशियनमध्ये मात्र ‘अल्मानाख’ म्हणजे अनेकांच्या लेखनाचा संग्रह, बऱ्याचदा वर्षातून एकदा निघणारा. रशियन कवी पुश्किनचा मित्र देल्विग १८२५पासून असाच एक काढत असे, आणि पुश्किन त्यात लिहीत असे. थोडक्यात दिवाळी अंकच; आपला पहिला, का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चा, १९०९चा. तरी ‘चित्रदिवाळीअंक’ असं काही घडवू नका, हसं होईल.

मी ‘कथासंच’ लिहीन. वाक्यात तर ‘चार गोष्टींचा चित्रपट’ एवढं सरळ पुरतं. २०१५चा मराठी ‘बायोस्कोप’ हा नमुनेदार कथासंच : चार दिग्दर्शक, चार कवितांवरच्या चार फिल्म. मात्र सगळी पात्रं एकाच कथानकात एकमेकांना धडकत असतील, तर त्याला हा शब्द लावू नये.

आता ‘बाक’. अंगण एका घराचं असतं; येरेवानचा बाक चार-पाच मजली इमारतींच्या मधला, सगळ्यांचा. वर कप्पीवरून सरकणाऱ्या दोऱ्यांवर कपडे, खाली नार्दीचा (म्हणजे बॅकगॅमन, फासे टाकून खेळायचा खेळ) पट आणि भोवती न मागता सल्ला देणारे. १९९६च्या ‘मेर बाकी’ या संगीतमय चित्रपटाचं नावच ‘आमचा बाक’. मराठीत ‘आवार’ लिहा, किंवा चाळीचा वास हवा असेल तर ‘चौक’. मूळ शब्द ठेवलात, तर ‘म्हातारे बाकावर नार्दी खेळतात’ आणि ‘बाकात खेळतात’ यांतला फरक मुद्रितशोधक पुसून टाकेल.