मुक्तस्रोत प्रकल्पाला येणाऱ्या पॅचचे परीक्षण आणि चाचणी पूर्णपणे यंत्रावर सोपवता येईल का?

तुमच्या प्रकल्पात तीन मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) आहेत, चाळीसहून अधिक पॅच, म्हणजे इतरांनी पाठवलेले कोडमधले बदल, पडून आहेत, आणि चाचण्या हिरव्या आल्या, म्हणजे पास झाल्या, की पॅच आपोआप मर्ज व्हावा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला जावा, यासाठी कोणते साधन घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. साधनाचे उत्तर सोपे आहे. तुमचा कोड जिथे ठेवलेला आहे त्या सेवेची चाचण्या आपोआप चालवण्याची स्वतःची जी व्यवस्था असेल तीच वापरा; गिटहब ॲक्शन्स असो, गिटलॅबची व्यवस्था असो की स्वतःच्या सर्व्हरवरचे जेनकिन्स, तुमच्या आकाराच्या प्रकल्पाचे त्यांतल्या फरकाने काही अडणार नाही. आपोआप मर्ज करण्याची व्यवस्था मात्र करू नका. 2019 च्या जुलै महिन्यात आमच्या प्रकल्पात असा एक पॅच आत गेला, ज्याच्या सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या आणि ज्याने शेकडो पानांवरचे मराठी बिघडवले. तो मर्ज मी केला होता, आणि तुमचा प्रश्न वाचल्यावर ते सगळे पुन्हा आठवले म्हणून हे लिहीत आहे.

युनिकोड रुळण्यापूर्वी डीटीपीसाठी जे देवनागरी फॉन्ट वापरात होते, त्यांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणे एवढेच आमच्या प्रकल्पाचे काम आहे. ठाण्यात नौपाड्यातली काही हौशी मंडळी तेव्हा जुन्या दिवाळी अंकांच्या डीटीपी फायली आमच्या प्रणालीतून काढून, मग हाताने मुद्रितशोधन करून, वाचकांसाठी जतन करत होती. त्यांची एक रास्त तक्रार होती की रूपांतरित मजकुरात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधला तर सापडतच नाही. कारण असे होते की या शब्दातला आडवा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. आजचा कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलन्त अशी जोडी देतो, तर आमचा जुना कोड साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह अशी तिघांची रांग लावत होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेणाऱ्या प्रणालीला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

नेरुळच्या बाजूला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने ही तक्रार वाचून पॅच पाठवला. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा, असा समज करून घेऊन त्याने ती सगळी गाळून टाकली. जॉइनर गेल्यावर उरले ‘र’, हलन्त आणि ‘य’, आणि नियमाप्रमाणे त्याचा रफार होतो. म्हणजे ‘शेतकऱ्यांना’ चे ‘शेतकर्यांना’ झाले, ‘वाऱ्यावर’ चे ‘वार्यावर’ झाले, आणि ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ झाला. चाचण्यांनी हे पकडायला हवे होते, पण आमच्या बहुतेक चाचण्या अपेक्षित निकालाच्या फायलींशी तुलना करणाऱ्या होत्या, आणि त्या फायली नव्याने तयार करण्याची आज्ञाही आम्हीच सोयीसाठी लिहून ठेवलेली होती. त्या मुलाने आमच्या माहितीपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे ती आज्ञा चालवली. कोडबरोबर अपेक्षाही बदलली आणि सगळीकडे हिरव्या खुणा उमटल्या.

मी तेव्हा ठाण्याहून ऐरोलीला नोकरीसाठी जात असे. सकाळच्या ट्रान्स-हार्बर गाडीत उभ्या उभ्या मी मोबाइलवर तो पॅच उघडला. कोडमधला बदल नऊ ओळींचा होता, तो मी वाचला. अपेक्षित फायलींमधला बदल अकराशे ओळींहून अधिक होता, आणि इतका मोठा डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, संकेतस्थळ दुमडून ठेवते. तो उलगडण्यासाठी वेगळे बटण दाबावे लागते. मी ते दाबले नाही. हिरवी खूण पाहिली, ऐरोली येण्याच्या आत मर्ज केले आणि त्या मुलाला आभाराच्या दोन ओळी लिहिल्या.

तीन आठवड्यांनी नौपाड्यातून एका निवृत्त मुद्रितशोधकांचा फोन आला. त्यांनी शांतपणे विचारले की ‘दऱ्याखोऱ्यांतून’ या शब्दात रफार कसा आला, आणि चौदा अंकांत सगळीकडेच कसा आला. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मूळ फायली शिल्लक होत्या, त्यामुळे सगळे पुन्हा रूपांतरित करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे होते. पण त्या मंडळींनी तीन आठवडे हाताने केलेल्या दुरुस्त्या त्यात पुसल्या गेल्या असत्या. उलट बाजूने, बिघडलेल्या मजकुरातच शोधून बदल करावा म्हटले तर ‘आचार्यांना’ हा शब्द मूळचा गुरुजनांविषयी आहे की स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांविषयी, हे कोणतेही यंत्र संदर्भावाचून सांगू शकत नव्हते. शेवटी आम्ही चौघांनी पाच रविवार बसून दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून जुळवल्या. योग्य दुरुस्ती एका ओळीची होती: ‘र’, हलन्त आणि जॉइनर या रांगेच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त लिहायचे. त्या मुलाला शोधातली अडचण बरोबर कळली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

माझ्याबरोबर प्रकल्प सांभाळणाऱ्या वाशीच्या सहकाऱ्याशी माझा वाद या घटनेपासून सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. त्याचे म्हणणे असे की माणूस गाडीत उभा राहून परीक्षण करणार असेल तर त्या परीक्षणाला काही अर्थ नाही. चाचण्या वाढवाव्यात आणि हिरवा पॅच यंत्रानेच आत घ्यावा, म्हणजे निदान विलंब तरी टळेल. त्याच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. दुसरा अजिबात नाही. चाचणी म्हणजे प्रकल्पाने आजवर काय ठरवले आहे याची नोंद असते, आणि प्रत्येक महत्त्वाचा पॅच त्या ठरावात काहीतरी बदल मागत असतो. तो बदल योग्य आहे की नाही, हे त्या नोंदीलाच विचारून कसे चालेल?

हा प्रश्न केवळ आमच्यासारख्या छोट्या प्रकल्पाचा नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकोचन प्रणालीच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, तेव्हा तिचा मुख्य भाग चाचण्यांसाठी ठेवलेल्या बायनरी, म्हणजे माणसाला थेट वाचता न येणाऱ्या, फायलींत दडवलेला होता. तो कार्यान्वित करणारा तुकडा तर रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सार्वजनिक साठ्यात, नव्हताच. तो केवळ प्रकाशनासाठी बांधलेल्या संचात घातलेला होता, म्हणजे रिपॉझिटरीवर चालणाऱ्या चाचण्यांना तो दिसण्याचा मार्गच नव्हता. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे, हे खटकले आणि त्यांनी त्याचा माग काढला, म्हणून ते उघडकीस आले.

आमच्या त्या चुकीवरून आम्ही जे बदल केले, त्यांतला सर्वांत उपयोगी बदल आधी सांगतो. कोड आणि अपेक्षित निकाल हे दोन्ही बदलणारा पॅच आला की बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, त्याला वेगळी खूणचिठ्ठी लावतो आणि थांबवतो. मग तो पॅचचा नवा कोड जुन्या अपेक्षित फायलींवर चालवतो, जे निकाल बदलले त्यांतल्या पुनरावृत्ती काढून टाकतो, आणि केवळ वेगळ्या शब्दजोड्यांचा तक्ता प्रत्येक अक्षराच्या युनिकोड संकेतांसह टिप्पणीत टाकतो. त्या जुलैतल्या पॅचवर हे नंतर चालवून पाहिले, तेव्हा अकराशे ओळींच्या जागी एकसष्ट शब्दजोड्या उरल्या, आणि त्यांत ‘वाऱ्यावर’ समोर ‘वार्यावर’ पाहून मराठी वाचणारा कोणीही जागच्या जागी थांबला असता. मला स्वयंचलन म्हणून हे अपेक्षित आहे. यंत्राने माणसासाठी वाचन आवाक्यात आणून द्यावे. वाचन झाले असे स्वतःच जाहीर करू नये.

त्याच्याबरोबर उलट तपासणीही लावा. दोष दुरुस्त केल्याचा दावा करणाऱ्या पॅचमध्ये नवी चाचणी असेल, तर ती चाचणी एकटी घेऊन जुन्या कोडवर चालवा. ती तिथे नापास झालीच पाहिजे. जुन्या कोडवरही ती पास होत असेल, तर ती दोषाला स्पर्शच करत नाही. ही तपासणी लिहायला आम्हाला एक दुपार लागली आणि पहिल्याच महिन्यात तिने आमच्या स्वतःच्या, म्हणजे मेंटेनरांच्याच, दोन निरुपयोगी चाचण्या दाखवून दिल्या.

नमुन्याच्या फायलींखेरीज गुणधर्म तपासणाऱ्या चाचण्याही हव्यात. आमच्याकडे जुना मजकूर युनिकोडमध्ये नेऊन परत जुन्या फॉन्टमध्ये आणला तर तो मुळाशी जुळला पाहिजे, असा नियम आहे. त्या फॉन्टांत एकच अक्षर दोन प्रकारे टंकता येत असल्यामुळे मूळ मजकूर आधी एकसारखा करून घ्यावा लागतो, पण तेवढे केले की आडवा ‘र’ हरवल्याबरोबर ही चाचणी नापास होते. कोणतीही आज्ञा चालवून तिची अपेक्षा बदलता येत नाही. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर आणि ‘अ’ वर चंद्र देऊन केलेले तेच अक्षर यांचा घोळही याच चाचणीने पकडला. तुमचा प्रकल्प कशाचा आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण असा एखादा गुणधर्म बहुतेक प्रकल्पांत सापडतो.

तुमच्या चाळीस पॅचसाठी पोस्टग्रेस्क्यूएलची पद्धत पाहा. त्यांच्याकडे कमिटफेस्टमध्ये, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या परीक्षणाच्या फेरीत, नोंदवलेले पॅच एक बॉट ताज्या कोडवर पुन्हा पुन्हा लावून पाहतो आणि चाचण्या चालवतो, त्यामुळे कोणता पॅच आता लागतच नाही हे कोणी हाताने तपासत बसत नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, शैलीच्या चुका ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट दाखवते, पॅच कोणाकडे पाठवायचा हे दुसरी स्क्रिप्ट सुचवते, आणि इंटेलचा चाचणी रोबो पाठवलेले पॅच निरनिराळ्या रचनांमध्ये बांधून पाहून बांधणी मोडल्यास कळवतो. इतके असूनही पॅच स्वीकारण्याचा निर्णय त्या त्या विभागाच्या मेंटेनराचाच असतो. ज्यांच्याकडे इतकी मोठी चाचणीयंत्रणा आहे, ते हा निर्णय माणसाकडे ठेवतात, हे माझ्या सहकाऱ्याला मी अनेकदा सांगितले आहे.

मर्जची रांग मात्र जरूर लावा. दोन पॅच वेगवेगळे हिरवे असतात आणि एकत्र आले की बांधणी मोडते. रस्ट भाषेच्या प्रकल्पात ग्रेडन होअर यांनी घालून दिलेला नियम असा की मर्ज केल्यावर जो कोड तयार होईल, त्याचीच चाचणी आधी घ्यायची आणि तो पास झाला तरच मुख्य शाखा पुढे न्यायची. यात माणसाने मान्यता दिल्यानंतरचे काम यंत्र करते, आणि तो क्रम योग्य आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून परीक्षण करून घ्यावे का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. लेखकाने पॅच पाठवण्यापूर्वी स्वतःसाठी वापरावी. मेंटेनराच्या जागी बसवू नये, कारण सहा महिन्यांनी हा बदल का स्वीकारला असे कोणी विचारले तर उत्तर देणारे कोणीतरी असावे लागते.

काही सावधगिरीच्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. अनोळखी माणसाचा पॅच चालवणे म्हणजे अनोळखी कोड चालवणे आहे, म्हणून सार्वजनिक प्रकल्पासाठी घरचा संगणक चाचणीयंत्र म्हणून जोडू नका, आणि प्रकाशनाच्या किल्ल्या त्या चाचण्यांच्या हाती लागणार नाहीत असे पाहा. कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचण्या वेगळ्या काढा, नाहीतर लाल दिसले की पुन्हा चालवण्याची सवय लागते आणि मग खरा लालही कोणी वाचत नाही. केवळ भाषांतराच्या फायली किंवा प्रकल्प बाहेरच्या ज्या तयार कोडवर (लायब्रऱ्यांवर) अवलंबून आहे त्याच्या किरकोळ आवृत्त्या बदलणारे पॅच आम्हीही 2022 पासून आपोआप मर्ज करतो. ती सूचना माझ्या त्याच सहकाऱ्याची होती आणि ती बरोबर ठरली.

परंतु एका बाबतीत तो चुकला, असे मी आजही मानतो. दोष कळल्यावर त्याने त्या विद्यार्थ्याच्या पॅचखाली सर्वांदेखत कडक शब्दांत लिहिले की मराठी न वाचता मराठीच्या प्रकल्पात हात घालू नये. तो मुलगा मराठीच होता. त्याने आमच्याच पुस्तिकेतली आज्ञा पाळली होती, आणि त्याचे काम न वाचता स्वीकारणारा मी होतो. मी खाली तसे लिहिले, पण ते दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर त्या मुलाचा एकही पॅच आला नाही.

म्हणून तुमच्या चाळीस पॅचवर आज रात्री बॉट चालवलात आणि त्यांतले वीस-पंचवीस ताज्या कोडवर लागत नाहीत असे निघाले, तर ते यंत्राकडून बंद करवू नका. तिघे मेंटेनर ते वाटून घ्या आणि प्रत्येक लेखकाला स्वतःच्या नावाने लिहा की पॅच इतके महिने आमच्याकडे पडून होता, आता तो कोणत्या फायलीत अडतो आहे, आणि नव्याने पाठवल्यास तुमच्यापैकी कोण तो कोणत्या दिवशी वाचेल.