इंजिनाचा पिवळा दिवा लागला आहे आणि शोरूममध्ये पार्ट यायला १५ दिवस लागणार आहेत; तोवर गाडी चालवावी का?

दिवा स्थिर जळत असेल आणि गाडीच्या ओढीत फरक जाणवत नसेल, तर पार्ट येईपर्यंत कोल्हापूर शहरात गाडी जपून चालवण्यास हरकत नाही. मात्र तो लुकलुकू लागला, तर वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. लुकलुकणारा दिवा बहुधा मिसफायर दर्शवतो, म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) जाऊन तेथे जळते आणि एका स्पार्क प्लगचे दुखणे हजारोंच्या खर्चावर जाते. उद्यमनगरात गाडीदुरुस्तीचेच काम करत असल्याने आग्रहाने सांगतो की, 'सेन्सर गेला आहे' एवढेच ऐकून परत येऊ नये: स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीतील दोष वाचण्याच्या) सॉकेटला स्कॅनर जोडल्यावर दिसलेला कोड (उदाहरणार्थ, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर), मागवलेल्या पार्टचा नंबर आणि अपेक्षित तारीख जॉब कार्डवर (शोरूमच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्यावी, कारण वॉरंटी मध्येच संपली तर तक्रार मुदतीत केल्याचा तोच पुरावा ठरतो. तारखा नुसत्याच पुढे जात राहिल्या, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नये. त्याने कोड पुसला जातो, दोष तसाच राहतो. ही सवलत फक्त पिवळ्या दिव्यापुरती आहे: ऑइल प्रेशरचा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून लगेच इंजिन बंद करावे आणि गाडी टो करूनच न्यावी. आंबा किंवा करूळ घाटाचा प्रवासही दुरुस्तीनंतरच करावा.