गळा मऊ, बूड कडक

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत, मोंटानात असतात. जावई रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. .३०-०६ रायफलच्या वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांच्या पितळी नळ्या, प्रेसमध्ये दाबून तो अरुंद गळ्याच्या .२५-०६ च्या करतो, पण यंदा बारापैकी चार पुंगळ्यांचे गळे पहिल्याच बाराला उभे चिरले. आता म्हणतो, गळे बर्नरवर भाजून घेणार. मला धास्ती वाटतेय, तापवलं की पितळ कमजोर होऊन हातात फुटणार नाही ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची धास्ती अर्धी बरोबर आहे, आणि तो बरोबर अर्धा भाग जावयांना आजच कळवा.

तुम्ही पुण्याचे, तांबट आळी माहीत असेलच. तांबट हंडा ठोकत जातो तसं तांबं ताठ होत जातं, मग तो ताव देतो, म्हणजे तापवतो, परत मऊ झालं की परत ठोकायला घेतो, ताव न देता तसंच ठोकत राहिला तर भांडं चिरतं. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, त्याचा स्वभाव हाच. दर बाराला गळा फुगतो, डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, परत आवळला जातो, असं चार-पाचदा झालेल्या पुंगळीच्या गळ्याला .३०८ इंचावरून .२५७ वर आणायचं म्हणजे जवळपास १.३ मिलिमीटर आणखी आवळायचं, मग ती चिरणारच. तेव्हा गळा आणि खांदा (गळ्याखालचा उतार) भाजायचं हे जावयांचं बरोबरच आहे.

पण बूड अजिबात तापता कामा नये! बार उडतो तेव्हा आत चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या आसपास दाब असतो, आणि तो पेलायला बुडाचं पितळ कडकच लागतं. म्हणून लोक पुंगळ्या ट्रेमध्ये पाण्यात उभ्या करून फक्त वरच्या भागावर काही सेकंद ज्योत धरतात. अख्खी पुंगळी ओव्हनमध्ये टाकली की ती भंगारातच द्यायची, दुसरा इलाज नाही.

पितळात अडकलेला ताण किती वाईट ते आपल्याच देशात दिसलंय. १९व्या शतकात ब्रिटिश फौज इथे पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत साठवायची आणि पुंगळ्यांना न उडवताच भेगा पडायच्या. दाबून बनवताना राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया, ही दोन्ही कारणं मिळून ते होत होतं, आणि १९२१ मध्ये ते नीट सिद्ध झालं. ताव दिला की ताण उतरतो. अमोनियावालं पॉलिश मात्र पुंगळ्यांना लावू नका म्हणावं.

आणखी एक, जे मला भाजण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. गळा आवळला की पितळ कुठे जाणार, ते जाड होतं आणि लांबीही थोडी वाढते. जाड गळा चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत, घट्ट बसला तर गोळीला सुटायला जागा राहत नाही आणि दाब भलताच चढतो, म्हणून बाहेरून गळा छिलून, लांबी कापून, दोन्ही मोजून मगच पुढे जायचं. दाबताना पुंगळीला लावलेलं वंगण जास्त झालं तर खांद्याला पोचे पडतात, तेही बघा.

.२५-०६ हे अमेरिकेतलं जुनं वाईल्डकॅट, म्हणजे कारखाना बनवत नाही, लोकच दुसऱ्या पुंगळीतून घडवतात असं काडतूस. १९२० च्या सुमारास निडनर नावाच्या बंदूक कारागिराने ते बसवलं आणि रेमिंग्टन कंपनीने कारखान्यात आणलं १९६९ मध्ये! तोवर सगळे जावयांसारखेच पुंगळ्या घडवत होते, त्यामुळे काम करण्याजोगं आहे, फक्त सावकाश करायचं. (भारतात लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, इथे कुणी प्रयोग करू नका.)

आणि बुडावरचा ठसा बघायला सांगा. पुंगळी .२५ ची झाली तरी ठसा .३०-०६ चाच राहतो, घरात दुसरी रायफल असेल तर घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि ते चिरलेले चार गळे पक्कडीने चेपून टाका, म्हणजे परत कुणी उचलून भरणार नाही.