बी.कॉम. झालंय. कोल्हापुरातच राहून संस्थांच्या ग्रँटचं कामकाज शिकायचं असेल तर कोणता कोर्स करू?

वेगळ्या डिप्लोमाच्या मागे लागू नका. बी.कॉम. पुरेसं आहे, फक्त टॅली आणि एक्सेलवर हात बसलेला हवा. समाजकार्याचीच ओढ असेल तर कोल्हापुरातल्याच सायबर (CSIBER) या संस्थेत एम.एस.डब्ल्यू. आहे, पण हिशेबाच्या टेबलासाठी त्याची गरज नाही.

खरी परीक्षा उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं हे सरकारला लिहून देण्याची. केंद्राचं अनुदान घेणारी संस्था ते जीएफआर २०१७ (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) मधल्या १२-अ नमुन्यात देते: मागची शिल्लक, त्यावरचं व्याज, नवी रक्कम, खर्च, उरलेले पैसे. हा नमुना उतरवून घ्या आणि मनानेच दोन लाखांचं अनुदान धरून भरून बघा. नवखी माणसं व्याजाच्या रकान्यावर अडखळतात. ते व्याज संस्थेचं उत्पन्न नव्हे, सहसा सरकारजमा करावं लागतं. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे प्रवासाच्या हेडचे (त्या बाबीसाठी मंजूर झालेले) पैसे प्रशिक्षणावर खर्चणं. आधी लेखी मंजुरी, मग खर्च.

जोडीला पीएफएमएस (सरकारी निधीचा हिशेब ठेवणारी केंद्राची ऑनलाइन प्रणाली), कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीसाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी आणि परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा वाचून ठेवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत येतो आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे.

मग ट्रस्टची ऑडिट करणारा सीए गाठा आणि त्याच्याकडे असिस्टंट म्हणून बसा. पगार बेताचाच मिळेल, पण पावती-व्हाउचर हाताळायला मिळतात, जे कुठलाच ऑनलाइन कोर्स देत नाही. जूनच्या सुमारास जा. सप्टेंबरपर्यंत ऑडिटची धांदल असते, तेव्हा माणसं लागतातच.