सिरिल बर्टचे आकडे
प्रश्न: बुद्धी जन्मजातच असते हे बर्टने जुळ्यांवरून सिद्ध केलं असं कॉलेजात शिकवलं होतं, मग आता त्याला फ्रॉड का म्हणतात?

उत्तर: बर्ट लंडनचा बडा सायकॉलॉजिस्ट, १९४६ ला 'सर' झाला. वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या १९५५ च्या पेपरात २१ जोड्या, १९६६ मध्ये ५३, आणि आयक्यूचं कोरिलेशन (जोडीतल्या दोघांचा आयक्यू किती जुळतो, त्याचा आकडा) दोन्हीकडे ०.७७१, तिसऱ्या दशांशापर्यंत तेच! अहो, जोड्या दुपटीहून जास्त झाल्या की आकडा थोडा तरी हलणारच ना. हे अमेरिकन सायकॉलॉजिस्ट लिऑन केमिनने पकडलं, पण बर्ट १९७१ लाच वारलेला, जाब कोणाला विचारणार. पुढे काही अभ्यासकांनी त्याची बाजूही घेतली, तरी माझं स्पष्ट मत, तो डेटा वापरूच नये. इतरांनी जुळ्यांवर केलेलं काम मात्र वेगळं, ते त्याच्याबरोबर मोडीत काढू नका.